कंथा : जीर्ण वस्त्राचे उत्तरायुष्य

‘कंथा’ हा शब्द मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे तो नाथपंथी जोग्याच्या ठिगळांच्या वस्त्रामुळे. भर्तृहरीच्या ‘वैराग्यशतका’तही ती विरक्ताचीच खूण होय. बंगालमध्ये मात्र हा शब्द घरातल्या पांघरुणाला चिकटला आणि त्याचे नाते संन्यासाऐवजी संसाराशी जडले.

विरलेल्या साड्या व धोतरे एकावर एक अंथरावयाची आणि बारीक धावदोऱ्याने ती एकजीव करावयाची, ही कंथेची रीत. रंगीत दोराही पुष्कळदा साडीच्या काठातून उसवून काढलेला असे. साडी आणि धोतर ही न बेतलेली वस्त्रे. कात्री न लागल्यामुळे नेसून झाल्यावरही कापड सलग हाती उरे. शिवाय अनेक धुण्यांनी मऊ झालेले सूत तान्ह्या बाळाच्या अंगाला टोचत नाही, हा गुण कोऱ्या कापडात कोठून असणार? अर्थात या काटकसरीमागे कोणते तत्त्वज्ञान नव्हते, बहुधा टंचाईच होती. त्या काळाचे गोडवे गाताना याचा विसर पडतो. तरीही त्याच चिंध्यांवर स्त्रियांनी मध्यभागी कमळ, कोपऱ्यांत झाडे वा कुयऱ्या, मध्येच नावा, पालख्या, क्वचित टोपीवाले साहेबही रेखिले. जसीमुद्दीन यांच्या ‘नक्शी काँथार माठ’ (१९२९) या काव्यातील नायिका आपली जीवनकथाच कंथेवर भरते. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने अशा कंथा जमविल्या. स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ मध्ये त्यांवर लेख लिहिला. घरातली वस्तू कलावस्तू ठरली ती येथून.

महाराष्ट्रातील गोधडी ही तिचीच सखी. जुनी लुगडी हा तिचाही आधार. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला उत्तेजन दिले आणि पुढे स्वस्त पॉलिएस्टर घरोघर पोहोचले. टिकाऊपणात ते सुतापेक्षा उणे नाही, उलट सरसच आहे. परंतु ते सुतासारखे मऊ पडत नाही, घाम टिपत नाही. त्याचे थर टाक्याखाली घसरतात. ते जुने होते, पण त्या जुनेपणाचा घराला उपयोग नसतो.

कंथेचे नाव मात्र आज पूर्वीपेक्षा अधिक दूरवर पोहोचले आहे. गेल्या काही दशकांत ते एका टाक्याचे नाव झाले असून, तो टाका कोऱ्या, एकपदरी टसर रेशमाच्या साड्यांवर घातला जातो.