पाठलाग : ज्या गुन्ह्याला २०१३ पर्यंत नावच नव्हतं

मंडळी, "एकतर्फी प्रेमातून तरुणीचा खून" ही ओळ आपण इतक्या वेळा वाचलीय की आता ती टोचतही नाही. पण जुन्या घटना एकदा ओळीने मांडून बघा.

मार्च १९९०, उल्हासनगर. दहावीची परीक्षा सुरू असताना केंद्रात घुसून एका मुलीला पेट्रोल टाकून जाळलं. महाराष्ट्र हादरला.

जानेवारी १९९६, दिल्ली. प्रियदर्शिनी मट्टू, कायद्याची विद्यार्थिनी. ही मुलगी गप्प बसलेली नव्हती. तिने पोलिसांत पुन्हा पुन्हा तक्रारी केल्या, तिला पोलीस संरक्षणही मिळालं. पाठलाग करणारा पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. "आता त्रास देणार नाही" असं लिहून द्यायचा आणि सुटायचा. शेवटी तिच्यावर बलात्कार करून खून केला. १९९९ मध्ये तो निर्दोष सुटला, २००६ मध्ये हायकोर्टाने दोषी ठरवलं, २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप दिली.

लिहून घेऊन सोडायचे, कारण मागे मागे फिरणं हा वेगळा गुन्हाच नव्हता. छेडछाडीचं ५०९ कलम होतं, त्यात जास्तीत जास्त एक वर्ष.

डिसेंबर २०१२ च्या दिल्ली प्रकरणानंतर न्या. वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्ये ३५४-ड हे कलम आलं. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही मागे लागणं, संपर्काचा प्रयत्न करत राहणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं, हे सगळं त्यात येतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण जामीनपात्र. पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र.

तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजवर निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात जाळलं. म्हणजे कलम आलं, पण मधले महिने तसेच राहिले.

माझं म्हणणं त्या मधल्या महिन्यांबद्दलच आहे. खून एका दिवसात होतो, पाठलाग कित्येक महिने चालतो. तो मैत्रिणींना, गल्लीला, स्टँडवरच्या टपरीवाल्याला दिसत असतो. आणि घरात काय ठरतं? "पोरीचं कॉलेज बंद करा." शिक्षा तिलाच!

त्यापेक्षा हे करा. नकार एकदाच, स्पष्ट आणि शक्यतो लेखी द्या. नंतर उत्तर देत बसू नका. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. तारीख, वेळ, जागा वहीत लिहा. घरात आणि बाहेर एकेका माणसाला सांगून ठेवा. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर मागा. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१.

आणि बापमाणसांनो, पोरगी सांगायला आली तर "तू काय केलंस?" हा पहिला प्रश्न नको. "कधीपासून?" एवढंच विचारा.