बाटलीत न मावलेलं दातवण

पनवेलमध्ये १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी औषधनिर्मिती सुरू केली आणि धूतपापेश्वर हे नाव घरोघर पोचलं. वैद्याच्या खलबत्त्यातलं औषध बाटलीत शिरून परगावी जाऊ लागलं, ही आयुर्वेदाच्या इतिहासातली मोठी घटना. पण हिरड्यांपुरतं पाहिलं तर जुन्या परंपरेतला सर्वांत कामाचा भाग बाटलीत भरण्याजोगा नव्हता. तो होता घासण्याचा. सुश्रुताने हिरड्यांचे पंधरा रोग सांगितले. त्यांतल्या शीतादाची लक्षणं म्हणजे हिरडी मऊ पडणं, तिला दुर्गंधी येणं आणि तिच्यातून विनाकारण रक्त येणं. आजचा दंतवैद्य ती ऐकून लगेच मान डोलवेल. दातांवर साचून घट्ट झालेल्या मळाला सुश्रुत दंतशर्करा म्हणतो आणि दातांच्या मुळांना इजा न करता ती काढा, असं बजावतो. बारा अंगुळं लांबीच्या, करंगळीएवढ्या जाड दातवणाबद्दलही तीच ताकीद आहे: एकेक दात हळू घासा, हिरडी दुखवू नका. कडू काड्यांत निंब उत्तम, तुरटांत खैर, तिखटांत करंज, ही निवड त्याच ओघात येते. ही तिन्ही झाडं कोकणाला परकी नाहीत.

यावर कुणी म्हणेल, गुण निंबाचाच, घासणं निमित्तमात्र. निंबाचा अर्क प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतो, हे खरं आहे. पण तोंडातले जंतू सुटे नसतात. ते चिकट थर करून राहतात आणि थरात औषध सहजी उतरत नाही. डच संशोधक लेवेनहुकने १६८३ मध्ये, इकडे संभाजीराजांची कारकीर्द चालू असताना, स्वतःच्या दातांवरचा पांढरा मळ भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. ते रोज मिठाने दात घासणाऱ्याचे दात होते! थर आणि रोग यांचा संबंध मात्र १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो यांनी दाखवला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणं थांबवलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं सुरू होताच पूर्ववत झाल्या. थर खोल गेला की पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे, हवेशिवाय जगणारे जंतू हिरडीखाली बस्तान बसवतात, शरीर त्यांच्याशी झुंजतं आणि त्या झुंजीत दाताभोवतीचं हाड झिजतं. सुश्रुताला जंतू ठाऊक होते, असा याचा अर्थ नव्हे. ‘कृमिदंत’ या शब्दावरून तसा दावा करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. तो किडलेल्या दाताचा रोग आहे, हिरडीचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. घासणंच महत्त्वाचं, तर रोज मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावणाऱ्या रायगडातल्या बाया हिरड्यांच्या रोगापासून वाचायला हव्या होत्या. तसं होत नाही. काडीचा कुंचला दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला शिरतो. बोटावरची भाजलेली तंबाखू दाताच्या तोंडावर फिरते आणि उरलेली गालात राहते. जिथे ती राहते तिथली हिरडी खाली उतरते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. शिवाय काही दिवसांत हात दातांसाठी नव्हे, तर तलफेसाठी डबीकडे जातो. केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण ती झाली कारखान्यातल्या मालाला. मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते.