पूर यायच्या आधीचा नकाशा

मागच्या पुरात बोट घेऊन आलेल्या पोरांना मी फोनवर सांगत होतो, "पिंपळाच्या पारापासून डावीकडं वळा." पार पाण्याखाली होता! तेव्हापासून ही गोष्ट लिहायची राहिलीय.

१२ जानेवारी २०१०ला हैतीत भूकंप झाला. राजधानीच्या गल्ल्यांचा धड नकाशा मदतीला आलेल्यांकडे नव्हता. मग जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहाची चित्रं बघत, ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते काढले. हा नकाशा सगळ्यांचा, कुणीही भर घालावी, कुणीही फुकट वापरावा. काम मोठंच, पण भूकंप झाल्यावरचं.

मला नेपाळचं जास्त पटतं. तिथं काठमांडू खोऱ्यात तरुण मंडळी भूकंपाच्या आधीच कामाला लागली होती. शाळा कुठं, दवाखाना कुठं, हे हिंडून नोंदवायचं. कॉलेजात जाऊन इतरांना शिकवायचं. २०१३ साली त्यातूनच 'काठमांडू लिव्हिंग लॅब्स' ही संस्था उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ला जमीन हादरली तेव्हा खोऱ्याचा नकाशा बराचसा तयार होता. बाहेरच्या दुर्गम गावांसाठी जगभरातून हजारो हात लागले, पण त्यांना वाट दाखवणारे तिथलेच होते.

काल आपलं गाव त्या नकाशावर उघडून बघितलं. एक डांबरी रस्ता आणि देऊळ. खालची वस्ती नाहीच.

रविवारी सकाळी नऊला वाचनालयापाशी या. मोबाईल चार्ज करून आणा. घरांवर कुणाची नावं टाकायची नाहीत, फक्त वाटा, विहिरी आणि उंचावरच्या जागा.