हिंगणघाटची कबर आणि ब्रह्मदेशाचे १८२३ साल

(१)
परदेशी राहायला जायचे तर सिंगापूर बरे की मलेशिया? थायलंड बरे की व्हिएतनाम? हा प्रश्न आज विदर्भातल्याही अनेक घरांत निघतो. उत्तर बहुधा पगार, घरभाडे, हवामान आणि विमानाचे तिकीट यांच्या बेरजेतून काढले जाते. मात्र आग्नेय आशियाच्या या देशांत भारतीय माणसे दोनशे वर्षांपासून राहत आली आहेत. त्यांच्या अनुभवाचा हिशेब मांडला, तर या बेरजेत एक मोठा रकाना राहून गेल्याचे दिसते. तो रकाना कोणता, हे समजण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटपासून सुरुवात करू.

(२)
वणा नदीकाठच्या या गावात एका इंग्रजाची कबर आहे. विल्यम लॅम्बटन हे त्याचे नाव. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने काम सुरू केले आणि दोन दशके तो उत्तरेकडे मोजत येत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. परदेशी येऊन राहिलेला हा माणूस मायदेशी परतलाच नाही. आपल्याला येथे राहण्याचा अधिकार आहे काय, असे त्याला कोणी विचारलेही नाही. कारण त्याच्यामागे सत्ता उभी होती.

(३)
१८२३ हे साल लक्षात ठेवावे. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८२४ मध्ये, इंग्रजांचे ब्रह्मदेशाशी पहिले युद्ध सुरू झाले. पुढे १५८ वर्षांनी, म्हणजे १९८२ मध्ये, ब्रह्मदेशाने नागरिकत्वाचा नवा कायदा केला. त्यात पूर्ण नागरिकत्वाची मुख्य कसोटी अशी ठरली, की ज्या जमाती १८२३ पूर्वीपासून या भूमीवर वसल्या आहेत, त्यांचे लोक जन्मजात नागरिक. इंग्रजी राजवटीच्या आश्रयाने नंतर आलेल्यांच्या वंशजांसाठी खालच्या पायऱ्या आणि कागदपत्रांची परीक्षा. एका तारखेने लाखो कुटुंबांचे ‘आपले’ आणि ‘परके’ ठरवले. हे कसे घडले?

(४)
१८२६ च्या यांदाबोच्या तहाने आराकान आणि तेनासरीम हे प्रांत इंग्रजांकडे गेले. १८५२ मध्ये खालचा ब्रह्मदेश आणि १८८५ च्या युद्धानंतर उरलेला देशही गेला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि ब्रह्मी तांदळाला युरोपची बाजारपेठ जवळ आली. इरावतीच्या खोऱ्यातील दलदलीच्या जंगलांची भातशेती होऊ लागली. तिला मजूर हवे होते, कर्ज देणारे सावकार हवे होते, कारकून, हमाल, पोलीस, डॉक्टर हवे होते. ही सारी माणसे भारतातून गेली.

(५)
१९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. म्हणजे रंगूनला जाणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने परदेशी जातच नव्हता. १९३१ च्या शिरगणतीत ब्रह्मदेशात दहा लाखांहून अधिक भारतीय आढळले. रंगून शहराच्या सुमारे चार लाख वस्तीत निम्म्याहून अधिक भारतीय होते. त्या काळी आग्नेय आशियातील देशांची तुलना कोणी केली असती, तर पहिला क्रमांक रंगूनलाच मिळाला असता. मजुरी मद्रास इलाख्यापेक्षा जास्त, प्रवास स्वस्त, परवान्याची गरज नाही आणि बाजारात हिंदुस्थानी भाषा चालते!

(६)
या गर्दीत तमिळ, तेलुगू, ओडिया आणि बंगाली लोक अधिक होते. मराठी माणसे थोडी. हिंगणघाटसारख्या गावाला तर रोजगार शोधत समुद्र ओलांडण्याची निकडही नव्हती. येथला कापूस इतका नावाजलेला होता की लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका प्रतीचेच नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात गिरण्याही उभ्या राहिल्या. माणसे थांबली आणि कापूस परदेशी गेला. स्थलांतराच्या इतिहासात हेही ध्यानात ठेवावे लागते, की गाव सोडण्याचा निर्णय आधी गावातल्या कामावर ठरतो. परक्या देशाच्या आकर्षणाचा क्रमांक नंतरचा.

(७)
ब्रह्मदेशाशी महाराष्ट्राचे नाते जुळले ते सक्तीच्या वास्तव्यातून. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला गेला. १९१६ मध्ये तो तेथेच वारला. उलट रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात थिबाच्याच राजधानीत, मंडालेच्या तुरुंगात, होते. ‘गीतारहस्य’ तेथेच लिहिले गेले. टिळक परतले. थिबाचे कुटुंबही पुढे ब्रह्मदेशी गेले, पण त्याची एक नात रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलत राहिली आणि तेथलीच झाली. माणूस परक्या मातीत रुजू शकतो, याचा हा पुरावा आहे. मात्र रुजण्यासाठी भोवतालच्या समाजाने जागा द्यावी लागते.

(८)
ब्रह्मदेशात ती जागा आक्रसत गेली. १९३० च्या सुमारास जागतिक मंदीत तांदळाचे भाव कोसळले. कर्ज फेडता न आल्याने ब्रह्मी शेतकऱ्यांच्या जमिनी चेट्टियार सावकारांकडे गेल्या. भाताच्या तेरा प्रमुख जिल्ह्यांत १९३० मध्ये त्यांच्याकडे सुमारे सहा टक्के जमीन होती; १९३८ पर्यंत ती पाव हिश्श्यावर पोहोचली. मे १९३० मध्ये रंगूनच्या गोदीत तेलुगू आणि ब्रह्मी कामगारांत कामावरून दंगल पेटली. १९३८ मध्ये पुन्हा दंगली झाल्या. सावकाराचा राग गोदीतल्या हमालावर निघाला, कारण जमावाच्या लेखी दोघेही ‘कला’ म्हणजे परकेच होते.

(९)
१ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला. रंगूनमधला भारतीय घर न सोडता, पाऊलही न हलवता परदेशस्थ झाला. सीमा माणसावरून सरकून गेली. १९४१ मध्ये दोन्ही सरकारांत करार होऊन भारतीयांच्या प्रवेशावर परवान्याची बंधने ठरली. तो राबवण्याची वेळ येण्यापूर्वीच, २३ डिसेंबर १९४१ रोजी, रंगूनवर जपानी बाँब पडले.

(१०)
पुढच्या काही महिन्यांत चार ते पाच लाख भारतीय ब्रह्मदेशातून निघाले. जहाजात जागा मिळाली ती मोजक्यांना. बाकीचे आराकानच्या वाटेने चितगावकडे, चिंदविन ओलांडून मणिपूरकडे, तर काही हुकाँगच्या खोऱ्यातून आसामकडे पायी चालत आले. पटकी, हिवताप, उपासमार आणि पावसाळा यांनी वाटेत हजारो बळी घेतले. नेमका आकडा कधीच ठरू शकला नाही. सोयीच्या वाटा आणि वाहने गोऱ्यांना आधी, भारतीयांना नंतर, अशी वागणूक मिळाल्याच्या तक्रारींनी देश संतापला.

(११)
तो संताप वर्ध्यापर्यंत पोहोचला. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे इंग्रजांनी भारतातून निघून जावे असा ठराव केला. पुढे ८ ऑगस्टला मुंबईत मंजूर झालेल्या ‘चले जाव’ ठरावाची ही पूर्वपीठिका. त्यात मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेश यांची नावे स्पष्टपणे घेतली आहेत. तेथे जे घडले ते भारतात घडू नये, ही चिंता त्यात आहे. आग्नेय आशियातील भारतीयांची वाताहत हे ‘भारत छोडो’च्या मागचे एक प्रत्यक्ष कारण होते. हिंगणघाटच्या जिल्ह्याच्या ठिकाणीच हा धडा प्रथम लिहिला गेला.

(१२)
युद्धानंतर अनेक भारतीय ब्रह्मदेशात परतले. १९४८ च्या कायद्याने जुन्या रहिवाशांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. पुष्कळांनी तो केलाच नाही. व्यापार चालू होता, मग कागदाची घाई कशाला? १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. १९६४ मध्ये दुकाने सरकारजमा झाली आणि पन्नास व शंभर क्यातच्या नोटा रद्द झाल्या. सुमारे तीन लाख भारतीय पुढच्या काही वर्षांत जवळजवळ रिकाम्या हातांनी मायदेशी आले. चेन्नईचा ‘बर्मा बाजार’ हा त्यांच्याच नव्या संसाराची खूण. जे मागे राहिले, त्यांना १९८२ च्या कायद्याने १८२३ ची तारीख दाखवली.

(१३)
आता सिंगापूर पाहा. १८२५ मध्ये तेथे आलेले भारतीय हे काळ्या पाण्याच्या शिक्षेचे कैदी होते. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून कैदी पाठवले जात. रस्ते, पूल, सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्या हातांनी उभे राहिले. १८७३ मध्ये ही कैद्यांची वसाहत बंद झाली. सुटलेल्यांपैकी बरेच तेथेच स्थायिक झाले. १९४३ मध्ये याच शहरात आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. त्या सरकारात सावंतवाडी भागातले जगन्नाथराव भोसले होते. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन उपमंत्री झाले. परागंदा होणे म्हणजे काय, हे जवळून पाहिलेल्या माणसाकडे निर्वासितांचे काम आले.

(१४)
रंगून हे संधीचे शहर आणि सिंगापूर हे कैद्यांचे बेट, अशी सुरुवात असूनही शेवट उलटा झाला. १९५७ मध्ये सिंगापूरने दीर्घकाळ राहिलेल्या स्थलांतरितांना नागरिक म्हणून नोंदणीची संधी दिली. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या या राष्ट्राने तमिळला चार अधिकृत भाषांपैकी एक मानले. तेथे सारे सुखाचे होते असे नव्हे. परंतु स्थलांतरिताला राष्ट्राच्या व्याख्येत जागा होती. ब्रह्मदेशात ती व्याख्या त्याला वगळून झाली.

(१५)
बाकीचे देश या दोन टोकांच्या मध्ये येतात. ३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला. त्यानंतर तेथे जन्मलेल्यांना काही वर्षे आपोआप नागरिकत्व मिळाले. आधीच्यांना अर्ज करावा लागला. रबराच्या मळ्यांत जन्म गेलेल्या अनेक मजुरांजवळ कागदच नव्हते. १९६८ च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांना कामाचा परवाना सक्तीचा झाला, तेव्हा त्यांना कागदाची किंमत कळली. इंडोनेशियाने १९५९ मध्ये परकीय नागरिकांना ग्रामीण किरकोळ व्यापार बंद केला. रोख चिनी व्यापाऱ्यांवर होता, झळ काही भारतीयांनाही लागली. थायलंड कधी वसाहत झाला नाही, पण १९७९ च्या फर्मानाने त्याने ३९ व्यवसाय स्वकीयांसाठी राखून ठेवले.

(१६)
या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. पगार आणि घरभाडे ही त्या वर्षाची गोष्ट असते; नागरिकत्वाचा कायदा ही पिढ्यांची गोष्ट असते. १९२५ मध्ये केलेल्या तुलनेत रंगून जिंकले असते आणि ती तुलना करणाऱ्याच्या मुलांनी १९४२ मध्ये चिंदविन पायी ओलांडली असती. म्हणून राहून गेलेला रकाना हा: राज्य बदलले, मंदी आली, युद्ध झाले, तर या देशाच्या कायद्यात आपण कोण असू?

(१७)
आजही हा रकाना देशागणिक वेगळा भरतो. सिंगापूर नागरिकत्व देऊ शकते, पण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. भारतही मानत नाही. शिवाय तेथील कायम रहिवाशांच्या मुलग्यांना लष्करी सेवा लागू होते. मलेशियाने २००२ पासून ‘दुसरे घर’ योजनेत दीर्घ मुदतीचा व्हिसा दिला. त्या व्हिसाने माणूस नागरिक होत नाही. थायलंडमध्ये परकीयाला सदनिका घेता येते, तीही इमारतीच्या ४९ टक्के क्षेत्राच्या मर्यादेत. तिच्याखालची जमीन सहसा घेता येत नाही. यांतले काहीही जाऊ नये असे सांगत नाही. काय हाती येईल आणि काय येणार नाही, एवढेच सांगते.

(१८)
लॅम्बटनच्या कबरीला दोनशे वर्षे उलटली. तो ज्या साली गेला, ते साल हिंगणघाटात एका मृत्यूची नोंद आहे. इरावतीच्या काठी तेच साल आजही माणसाच्या आजोबा-पणजोबांचा पत्ता विचारते. १८२३ मध्ये कोणाही ब्रह्मी किंवा भारतीय माणसाला आपल्या नातवंडांसाठी ती तारीख महत्त्वाची ठरेल असे वाटले नसेल. आज परदेशी निघणाऱ्याच्या वाट्यालाही अशी एखादी तारीख येऊ शकते. तिकिटाच्या दराबरोबर त्या देशाचा नागरिकत्वाचा कायदाही वाचून निघालेला बरा.