आठ मोटारींची बैलगाडी

पुणे-बंगळूर महामार्ग कागल मागे टाकून कोगनोळीला कर्नाटकात शिरतो आणि निपाणी, संकेश्वर करत बेळगाव गाठतो. या रस्त्यावर पहारा जुनाच. पूर्वी गावोगावच्या जकातनाक्यांवर गाडीपेक्षा तिच्यातल्या मालाकडे लक्ष असे. कर्नाटकाने 1979 मध्ये जकात रद्द केली.

गाड्या मोजण्याचं शास्त्र वेगळं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1972 च्या नियमांनुसार सलग सात दिवस, रात्रंदिवस मोजणी व्हायची. रस्त्याकडेला बसलेला माणूस तक्त्यावर गाडीगणिक रेघ ओढी: चार उभ्या, पाचवी आडवी. मग या रेघांना वजन दिलं जाई. 1990 च्या कोष्टकात मोटार म्हणजे 1, दुचाकी अर्धी, ट्रक 3, ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी चक्क 8! संथ गाडी रस्ता जास्त अडवते, हा त्यामागचा हिशेब.

1972 च्या नियमांत आणखी एक कलम होतं: जत्रेसारख्या असाधारण गर्दीत मोजणी करू नये, पुढे ढकलावी.

14 मार्च 1981 ला निपाणीत असेच असाधारण दिवस सुरू झाले. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि 12 शेतकरी मारले गेले. निपाणीच्या रस्त्याचा सगळ्यात मोठा इतिहास वाहनांच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा तोवर ब्रिटनमध्ये जन्मला होता. तिथल्या पोलिसांच्या संशोधन शाखेने तो 1976 मध्ये घडवला. आज रेघा ओढण्याचं काम संगणकाकडे चाललं आहे. चित्रातली प्रत्येक गाडी तो चौकटीत पकडतो, तिची जात ओळखतो आणि एकदाच मोजली जावी म्हणून पुढच्या चित्रांतही तिचा माग ठेवतो. पण त्याला ओळखता येतं ते शिकवलेलंच. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘कोको’ या चित्रसंग्रहात 80 प्रकारच्या वस्तू आहेत. त्यात बस आहे, ट्रक आहे, गायसुद्धा आहे. रिक्षा आणि बैलगाडी नाही. ही उणीव ओळखून हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2018 मध्ये हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांवरची 10,000 चित्रं जमवली आणि त्यांत रिक्षाला स्वतंत्र स्थान दिलं.

सीमाभागाची कसोटी गळीत हंगामात लागते. उसाने दोन्ही बाजूंना फुगलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतो. मागून पाहिलं तर चाकं दिसत नाहीत, नंबरप्लेट वाढ्यांआड जाते. संगणकाने त्याला ट्रक म्हटलं, तर साडेचारचे तीन होतात आणि रस्त्याच्या रुंदीचा हिशेब तिथेच चुकतो. म्हणून इथल्या कॅमेऱ्यांना शिकवायची चित्रं निपाणी-संकेश्वरच्या रस्त्यावरच, ऐन हंगामात आणि रात्रीही टिपायला हवीत.