‘नॉव्हेल’, ‘नावल’ आणि ‘कादंबरी’ : एका नामांतराचा इतिहास

साहित्यप्रकाराचे नाव ही निव्वळ खूण नसते; त्या प्रकाराकडून वाचकाने काय अपेक्षावे, याचा संकेतही त्यात असतो. इंग्रजीतील ‘नॉव्हेल’च्या मुळाशी ‘नवा’ या अर्थाचा लॅटिन ‘नोव्हुस’ आहे. संस्कृत ‘नव’ त्याचाच सगोत्र. इटालियन ‘नोव्हेला’ म्हणजे नवी हकीकत; बोकाचोच्या ‘डेकॅमेरॉन’मधील कथा याच जातीच्या. पुढे १७८५ मध्ये क्लारा रीव्हने भेद स्पष्ट केला : ‘रोमान्स’ अद्भुताचा, ‘नॉव्हेल’ समकालीन जीवनाचे व रीतिरिवाजांचे.

मराठीत हा शब्द प्रथम जवळजवळ जसाच्या तसा वावरला. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ मधील निबंधाच्या शीर्षकातच ‘नावल’ आहे. गुजरातीने ध्वनी आणि अर्थ दोन्ही राखून ‘नवलकथा’ घडवली. बंगाली-हिंदीने ‘उपन्यास’ स्वीकारला. मराठीने, कन्नडप्रमाणेच, सातव्या शतकातील बाणभट्टाच्या गद्यकाव्याचे, म्हणजे त्याच्या नायिकेचे, नाव साऱ्या प्रकाराला दिले. व्यक्तिनामाचे जातिनाम झाले. संस्कृतात ‘कादंबरी’चा एक अर्थ मद्य असाही आहे. एका नावात वार्ता, तर दुसऱ्यात धुंदी!

हे नामांतर निरुपद्रवी नव्हते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या स्थितीचे, म्हणजे समकालीन वास्तवाचे. परंतु हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) व रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ‘कादंबरी’ या नावाशी अधिक सुसंगत. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने (१८७१) इतिहासाची तिसरी वाट उघडली. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ यांनाच तीन प्रवृत्तींच्या प्रारंभी ठेवले. त्यांपैकी पहिलीच मूळ ‘नॉव्हेल’ या संज्ञेला सर्वांत जवळची असावी, आणि प्रकाराचे नाव मात्र दुसरीच्या कुळातले असावे, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

अर्थात नावाने प्रवृत्ती निर्माण केली, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. अद्भुताची ओढ नावाआधीही होती आणि याच नावाखाली हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिली. मात्र नावाने एक प्राचीन कुलवृत्तांत बहाल केला. परक्या प्रकाराला त्यामुळे प्रतिष्ठा लाभली. त्याचे नवेपण तेवढे झाकले गेले. ‘कादंबरीमय’ हे विशेषण आजही अवास्तवाकडेच बोट दाखवते. म्हणून मराठी वास्तववादाची चर्चा करताना त्याला स्वतःच्या नावाशीही झगडावे लागले, हे ध्यानी घ्यावयास हवे.