खारी माती

रोहिणी लागली की आबाजी धाब्यावर चढत. दर्यापूर तालुक्यातलं आमचं घर पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंतींचं, वर धाबं. सागाची लाकडं, त्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर, पळसाची पानं आणि सगळ्यात वर वीतभर खारी माती. उन्हानं पडलेली एकेक भेग आबाजी बोटानं चाचपत आणि वरून हाक देत, “पोट्ट्या, टोपलं आण.” माती अंथरायची, पाणी शिंपडायचं, धुमसानं चोपायची. ७ जूनला मृग लागायच्या आत हे काम झालंच पाहिजे, असा घरचा कायदा होता.

“आबाजी, ह्या मातीतून पाणी काहून गळत नाही?” मी एकदा विचारलं.

“खारी हाये ना ते. पाणी लागलं का फुगते अन् तोंड मिटून घेते.”

पुढे शिकलो तेव्हा कळलं, आबाजी अगदी बरोबर बोलले होते. या मातीत सोडियम जास्त. पाणी लागलं की तिचे कण फुगतात, सुटे होतात आणि सगळी छिद्रं बुजवून टाकतात. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी ही माती पसरली आहे. हाच आमचा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी असतं, पण ते ना पिकाला चालत, ना तोंडात धरवत. त्यामुळे आमच्या माणसांनी आधार धरला तो आभाळाचा. नक्षत्रं, त्यांची वाहनं, कोणत्या नक्षत्रात तिफन धरायची आणि कोणत्या नक्षत्रात डवरे चालवायचे, हे आजीला तोंडपाठ होतं. अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी झाली की तिथलं भाकीत दोन दिवसांत आमच्या ओट्यावर पोचायचं.

उन्हाची भीती त्या घरात कोणाला नव्हती. ऊन हा पावसाचा विसार होता. “तपल्याबिगर मिरग येत नाही, बाप्पा,” आजी म्हणायची. पहाटे वखर, दहाच्या आत घर. दुपारी दार लोटून घ्यायचं, रांजणातलं पाणी, अंबाडीची भाजी, कांदा-भाकर. बाहेर निघायचंच झालं तर डोक्याकानांवरून दुपट्टा. आणि रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला. दिवसभर तापलेली माती दहा-अकरापर्यंत निवायची. पहाटे इतका गारवा सुटायचा की पायाशी लोटलेली गोधडी झोपेतच वर ओढून घ्यावी लागे. दिवस कितीही तपला तरी रात्र माणसाला परत उभं करायची.

काळही आबाजींनी ऐकला होता. त्यांचे वडील १८९९ च्या दुष्काळातून वाचलेले. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. गोठे रिकामे झाले, लोक झाडपाला खाऊन जगले. आबाजी हे सांगताना आवाज खाली आणत, पण शेवट नेहमी एकच असे. पुढच्या वर्षी मृग आला, तिफन चालली, पऱ्हाटी डोलली. काळ येई, तसा जाईही. घडी एखाद्या वर्षी विस्कटे आणि पुन्हा बसे, यावर त्यांची सारी जिंदगी उभी होती.

त्यांच्या आवडीची गोष्ट मात्र शकुंतलेची. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी दर्यापूरवरून जायची. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं. १९२३ पासून १९९४ पर्यंत, तब्बल सत्तर वर्षं त्यानं गाडी ओढली. हा मार्ग मुळात घातला गेला कापसासाठी. बंडीतला कापूस जिनात, जिनातून प्रेसात, तिथून गाठी शकुंतलेवर. मूर्तिजापूरला मोठी गाडी, पुढे मुंबई, आणि मुंबईहून जहाजानं विलायतेला. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला लागला तो त्याही आधी, १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात. तिकडचा कापूस बंद पडला आणि इकडचे भाव चढले. वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड, हे बोलणं आबाजींच्या तोंडात त्या भरभराटीच्या आठवणीसह यायचं.

आबाजी खिडकीशी बसत. इंजिनाच्या धुरासोबत कोळशाची कणी उडून डोळ्यात जायची. मग आजी पदराचं टोक जिभेनं ओलं करून, बोटानं पापणी वर धरून ती काढायची. काळी, मोहरीच्या टोकाएवढी. “एवढीशी हाये, पण जीव घेते,” ती कणी पदरावर दाखवत म्हणायची. मीही एकदा तिच्याकडून अशी कणी काढून घेतली आहे.

त्या कणीचा हिशेब मला फार उशिरा लागला. आमच्या कापसावर चाललेल्या गिरण्या कोळशावर चालत होत्या. त्या धुराची काजळी कधीच खाली बसली. त्यातला न दिसणारा कार्बन डायऑक्साइड मात्र हवेत शेकडो वर्षं राहतो. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० होता, आज ४२० च्या वर गेला आहे. पृथ्वी रात्री आपली ऊब आभाळाकडे सोडते, तिला हा वायू अडवतो. तेव्हा मँचेस्टर होतं, आज आमच्याकडे पारसच्या वीजकेंद्रातही कोळसाच जळतो आणि आमचे कूलर विजेवरच फिरतात. दोष कोणा एका गावाचा नाही. पण सर्वांत जास्त धूर ज्यांनी सोडला ते देश गारव्यात आणि भर उन्हात निंदायला बसलेली बाई तापात, ही वाटणी न्यायाची नाही, हे मला ठासून सांगायचं आहे.

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. आकडा त्या कणीएवढा दिसतो. पण हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, आणि तापलेला अरबी समुद्र ती पुरवायला बसलेलाच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या. त्याच काळात पावसाळ्याची एकूण बेरीज मात्र घटत गेली. म्हणजे पाऊस येतो तो कोसळतो आणि मधे दडी मारतो.

याचा अर्थ खारपाणपट्ट्यात कसा निघतो, ते पाहायचं तर आबाजींचं वाक्य आठवावं. खारी माती तोंड मिटून घेते. धाब्यावर हा गुण, शेतात घात. बारीक झड लागली तर थोडं थोडं पाणी आत मुरतं. एका रात्रीत धो-धो आलं की ते पिकाच्या तासातासांत उभं राहतं, मुळांना हवा मिळत नाही, पऱ्हाटी पिवळी पडते, पाते गळतात, खालची बोंडं सडतात. मग पंधरवडाभर थेंब नाही. भेगा पडतात आणि विहिरीतलं खारं पाणी पिकाला देता येत नाही. पहिल्या सरीवर पेरलं तर दुबार पेरणी, थांबलं तर हंगाम हातचा जातो. वर मोर्शी-वरुडकडे संत्र्याच्या मृग बहाराचंही गणित हेच: उन्हाळ्यात झाडाला ताण द्यायचा आणि मृगाच्या पावसानं तो तोडायचा. पाऊसच लांबला तर ताणाचा फास होतो.

आणि ऊन! २०१९ च्या एप्रिलअखेर अकोल्याचा पारा ४६ अंशांच्या वर गेला. मे २०२४ मध्ये उष्णतेपायी अकोला जिल्ह्यात जमावबंदीचं १४४ कलम लागलं. शिकवणी वर्ग दुपारचे बंद, कामगारांना पाणी नि सावली देण्याचा आदेश. ज्या उन्हाला आजी पावसाचा विसार म्हणायची, त्याच्यासाठी दंगलीचं कलम लावावं लागलं. धाबी पडली, त्या जागी टिना आणि स्लॅब आले. ते रात्रीही निवत नाहीत. पहाटे ओढून घ्यायची गोधडी आता मे महिन्यात पेटीतून निघतच नाही. रात्र माणसाला परत उभं करत नाही, हे मला पाऱ्याच्या आकड्याहून भयंकर वाटतं.

हात बांधून कोणी बसलेलं नाही. २०१८ पासून सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावं मुद्दाम घेतली गेली; शेततळी झाली, रुंद वरंबा-सरीवर पेरा होऊ लागला, म्हणजे जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. जुन्या माणसांनी मातीचा स्वभाव ओळखून घर बांधलं, तसंच हे मातीचा स्वभाव ओळखून शेत बांधणं आहे. ते मोलाचं आहे. पण कोळसा जळत राहिला तर किती वरंबे पुरतील?

आमच्या जुन्या घराची एकच खोली आता धाब्याची उरली आहे. चुलतभाऊ तीत बियाणं ठेवतो. गेल्या मे महिन्यात त्याचा नातू दुपारभर तिथेच बसलेला दिसला.

“आबाजी, इथं थंड लागते,” तो मला म्हणाला. मग विचारलं, “मिरग कधी लागते?”

“सात जूनला.”

“अन् पाणी कधी येईन?”

आबाजींच्या वेळी या दोन प्रश्नांचं उत्तर एकच होतं. मी उठलो, शिडी लावली. वर बरीच मोठी भेग पडली होती, माझं अख्खं बोट आत गेलं. खाली पाहून मी त्याला हाक दिली, “पोट्ट्या, टोपलं आण.”